अपग्रेडचं अक्षर

कॉम्प्युटर वाट पाहून थकला होता. हे माझं म्हणणं नाही. त्याने स्वतःच काळ्या पडद्यावर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत तसं लिहून ठेवलं होतं, आणि खाली एक रेघ लुकलुकत होती, म्हणजे पुढचं काय ते तुम्ही बघा.

"काय म्हनून राह्यला थो?" बंडूजींनी माझ्या खांद्यावरून विचारलं.

"वाट पाहून थकलो म्हनते."

"कोनाची वाट?"

"डिस्कची. डिस्क येईन म्हनून बसला होता, आली नाई."

"डिस्क तं त्याच्या पोटातच हाये ना?"

"हो जी."

"मंग घरच्या घरात कायची वाट पाह्यते?" बंडूजी म्हणाले. मांडवात बसून कंटाळलेला माणूस उशिरा येणाऱ्या वरातीबद्दल बोलतो, तसा त्यांचा आवाज होता.

हिंगणीच्या सार्वजनिक वाचनालयातली ही रविवारची सकाळ. बाहेर ओट्यावर वाचनालयाचे अध्यक्ष रूपराव माइकमध्ये 'हॅलो, हॅलो' करत होते. ऊन उतरलं की वच्छलाबाईंचा निरोप समारंभ होता. बाईंनी हे वाचनालय माझ्या जन्माच्या आधीपासून सांभाळलं, आणि उद्या त्या नाशिकला लेकीकडे, हर्षाताईकडे, कायमच्या राहायला जाणार होत्या. समारंभात बाईंचं मानपत्र बंडूजी वाचणार होते. ते त्यांनीच लिहिलं होतं, याच कॉम्प्युटरवर, एका बोटाने, अर्धा उन्हाळा खर्चून. दुसरी प्रत जगात कुठेही नव्हती. बंडूजींनी आयुष्यात लिहिलेली ती पहिली गोष्ट होती, आणि ती आता वाट पाहून थकलेल्या डब्यात अडकली होती.

पहिली गोष्ट म्हटलं खरं, पण यात एक अडचण आहे. सेलू तालुक्यात बंडूजींइतकं कोणी लिहिलेलं नाही.

ते सेलूला पुंडलिकरावांच्या भांड्याच्या दुकानाबाहेर स्टुलावर बसून भांड्यांवर नावं टाकतात. पाण्याचा गुंड, स्वयंपाकाचा गंज, परात, डबा, जे समोर येईल त्यावर त्यांची ती टर्रर्र करणारी मशीन चालते आणि ठिपक्या-ठिपक्यांचं सुंदर नाव उमटतं, दोन्ही बाजूंना एकेक फूल. आमच्या भागातल्या कुठल्याही स्वयंपाकघरात जा, बंडूजींचं अक्षर तुमच्याकडे बघत असतं. आणि इतकी वर्षं कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं की या माणसाला वाचता येत नाही.

ते चिठ्ठीवरचं नाव चित्र काढल्यासारखं काढायचे. त्यांचा नियम एकच होता: चिठ्ठीवर जे असते थे टाकाचं, कमी नाई, जास्त नाई. पुंडलिकरावांना मात्र चिठ्ठीवर नावाखाली सूचना लिहायची सवय. त्यामुळे आमच्या समाजमंदिराच्या मोठ्या गंजावर 'समस्त गावकरी मंडळी यांजकडून' याच्याखाली 'लोखंडी कढई परत मागू लागले तर नाही म्हणणे' असंही आहे, फुलांसकट. आर्वीला एक सुखी संसार चालू आहे, त्यातल्या पाण्याच्या गुंडावर नवरीच्या नावापुढे 'अर्जंट' लिहिलेलं आहे. तक्रार कधीच आली नाही. भांड्यावरचं नाव लोक वाचत नाहीत, पंगत उठल्यावर आपलं भांडं कोणतं एवढंच बघतात.

वाचलं फक्त वच्छलाबाईंनी. वाचनालयाच्या कार्यक्रमाला कोणाकडून तरी परात आणली होती, आणि बाईंना समोर अक्षर दिसलं की वाचल्याशिवाय राहवत नाही. परातीवर एका आजोबांचं नाव होतं, खाली 'यांच्या स्मरणार्थ' आणि त्याखाली 'घासाघीस फार करतो'.

दुसरा कोणी असता तर ही गोष्ट गावभर झाली असती. बाई बसने सेलूला गेल्या आणि बंडूजींना म्हणाल्या की आमच्या वाचनालयात कॉम्प्युटर आला आहे, मला एकटीला काही जमत नाही, तुमचा हात बारीक कामात बसलेला आहे, रविवारी येत चला, आपण दोघं मिळून शिकू. बंडूजी आले. बाई एक बटण दाबायला लावायच्या, पडद्यावर मोठ्ठं अक्षर यायचं, आणि बाई भोळा चेहरा करून म्हणायच्या, "हे काय आलं हो बंडूजी? 'ग' ना? गंजाचा?" असं करत करत बंडूजी भांड्यावाटे बाराखडीत शिरले. बाईंना तेव्हा कॉम्प्युटर उत्तम येत होता. मीच शिकवला होता.

माझं नाव निकेश. मी वर्ध्याला एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये काम करतो. बारावीत नापास झालो तेव्हा घरातल्यांनी मला बरंच काही दिलं, बाईंनी वाचनालयाची किल्ली दिली. म्हणाल्या, कॉम्प्युटर बंद पडला आहे, तुला वेळ आहे, बघ. नापास झालेल्या पोराच्या हातात आख्ख्या संस्थेची किल्ली देण्याला हिशेबी माणूस वेडेपणा म्हणेल. मी कॅबिनेटच्या पत्र्याने तीन बोटं कापून घेऊन त्याच्यावर लिनक्स नावाची फुकटातली यंत्रणा बसवली, कारण त्या म्हाताऱ्या मशीनला दुसरं काही झेपत नव्हतं, आणि तेव्हापासून मी आणि ते मशीन दोघेही बऱ्यापैकी चालू आहोत.

मागच्या रविवारी मी त्याचं अपग्रेड केलं. जुन्या आवृत्तीला आता दुरुस्त्या येणं बंद झालं होतं, आणि बाई जायच्या आधी सगळं नवं करून ठेवावं असं मनात होतं. अपग्रेड झालंही झकास. मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झालं, पासवर्ड विचारला, दिला तो ऐकून घेतला. त्या आनंदात मी बंडूजींना आतलं सगळं दाखवलं. उष्णतेमुळे कॅबिनेटचं झाकण काढलेलंच असायचं. डिस्कचे स्क्रू केव्हाच हरवले होते, त्यामुळे ती तळाशी पिवळ्या फडक्यावर दुपारची वामकुक्षी घेतल्यासारखी पडलेली. मी म्हटलं, कॅबिनेट सडलं तं दुसरं आनता येते, स्क्रीन गेली तं दुसरी आनता येते, पन हा डबा म्हंजे खरं वाचनालय, सारं याच्यात हाये. बंडूजींनी मान डोलावली. मी बस पकडायला पळालो.

आणि आज हे.

सुरुवात मी सोप्या गोष्टींपासून केली. लिनक्सची एक रीत मला फार आवडते. नवा कर्नल, म्हणजे यंत्रणेचा गाभा, आला म्हणून जुन्याला घराबाहेर काढत नाहीत. त्याला मागच्या खोलीत ठेवतात आणि अडलं की हाक मारतात. मी हाक मारली. जुना आला, त्याने बराच वेळ विचार केला आणि नव्याचंच वाक्य म्हणून दाखवलं.

मग मी मेमरीची पट्टी काढून खोडरबराने घासली. हा उपाय कुठल्याही पुस्तकात नाही आणि भारतात त्याने निम्मे कॉम्प्युटर बरे होतात. हा झाला नाही. केबल बदलली. दुसऱ्या खाचेत लावली. शेवटी पेनड्राइव्हवरचं लिनक्स लावून मशीन सुरू केलं, तर ते आनंदाने सुरू झालं, म्हणजे बाकी शरीर ठणठणीत होतं. डिस्कला कान लावला. आतून टक्, टक्, टक् असा आवाज येत होता.

"अंड्यातून पिलू निघाले पाह्यते तसा आवाज हाये," बंडूजी म्हणाले. "निघन का?"

"पाहू," मी म्हटलं, आणि नीट बघावं म्हणून डिस्क उचलून उजेडात धरली.

कंपनीच्या कागदी लेबलखाली जो मोकळा पत्रा असतो, त्यावर ठिपक्या-ठिपक्यांच्या अक्षरांत लिहिलेलं होतं:

वच्छलाबाई यांजकडून बंडूस.

दोन्ही बाजूंना एकेक फूल.

बंडूजींनी नव्या नवरीसारखी मान खाली घातली. "दिसलं का? संध्याकाळी सांगनार होतो सगळ्यायले. तूच म्हनला ना, सारं याच डब्यात हाये. बाईनं मले देल्लं थे बी."

मी विचारलं, कवा टाकलं. अपग्रेडच्याच दिवशी, ते म्हणाले. तू बसले गेलता, बाई चहा ठेवाले गेलत्या, मशीन पिशवीतच होती. चिठ्ठीशिवाय टाकलेलं त्यांचं ते पहिलं नाव. आणि स्वतःचं नाव कुठल्याही वस्तूवर टाकलं तेही पहिल्यांदाच. पुंडलिकरावांच्या दुकानातून त्यांनी स्वतःसाठी कधी काही घेतलंच नव्हतं, मग टाकणार कशावर.

"तवा कॉम्प्युटर चालू होता का, बंडूजी?"

"चालूच होता. दिवा लागून होता ना. त्याची झोप मोडू नये म्हनून म्या हळू टाकलं."

डिस्कच्या आत एक चकती गरागरा फिरत असते आणि तिच्यावर एक टोक तरंगत असतं. दोघांच्या मधे केसभरही जागा नसते. त्या दोघांच्या डोक्यावर, पातळ पत्र्याच्या पलीकडून, बंडूजींनी हळूच, प्रेमाने, फुलांसकट टर्रर्र केलं होतं. आपलं मानपत्र त्यांनी स्वतःच खोडलं होतं, आणि कशाने, तर त्याच लिहिता येण्याने, ज्याबद्दल मानपत्र लिहिलं होतं.

"काऊन गा," बंडूजी एकदम म्हणाले. चेहरा बदलला होता. "माह्या मशीननं तं नाई ना झालं?"

"नाई जी," मी म्हटलं. "अपग्रेडनं झालं."

अपग्रेडवर जगात काहीही ढकलता येतं. लोक लगेच विश्वास ठेवतात, कारण प्रत्येकाचं काही ना काही अपग्रेडनंतर बिघडलेलं असतं.

बंडूजींनी विचारलं, "तूच केलतं ना अपग्रेड?"

"मीच."

"जाऊ दे," ते म्हणाले आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "तुह्यानं मुद्दाम थोडीच झालं."

त्यांनी मला मनापासून माफ केलं. इतकं की ते बाहेर जाऊन रूपरावांना सांगून आले की पोराच्या हातून झालं खरं, पन त्याले कोनी बोलू नका. रूपरावांच्या हातात माइक होता, आणि माइक हातात असला की रूपरावांच्या पोटात काही राहत नाही. कर्ण्यातून आख्ख्या हिंगणीला कळलं की आपल्या गावच्या निकेशकडून वाचनालयाचा कॉम्प्युटर बिघडला असून सर्व बंधुभगिनींनी त्याला मोठ्या मनाने क्षमा करावी. पाच मिनिटांनी माझी आई ओट्यापाशी येऊन विचारून गेली की नुकसानभरपाई तर द्यावी लागत नाही ना.

मी कामाला लागलो. मरत्या डिस्कमधून मजकूर काढायची एक आज्ञा लिनक्समध्ये असते. तिचा स्वभाव मला शहाणा वाटतो. ती आधी जे सहज वाचता येतं ते वाचून घेते, अडलेलं सोडून पुढे जाते, आणि मग परत फिरून अडलेल्या जागी पुन्हा पुन्हा बसते, न चिडता. बाईंनी बंडूजींना शिकवताना हेच केलं होतं. जोडाक्षरं आधी सोडून दिली होती.

दुपारभर ते चाललं. बंडूजी शेजारी बसून होते. पडद्यावरची टक्केवारी वाढली की ते आकडा मोठ्याने वाचायचे. मधेच टक्-टक् वाढली की मी डिस्क ओल्या फडक्यावर ठेवायचो, आणि बंडूजी तिला वर्तमानपत्राने वारा घालायचे. एकदा बाई डोकावून गेल्या. दोन मोठी माणसं एका लोखंडी डब्याला वारा घालत आहेत हे पाहून त्या आणखी एक वर्तमानपत्र देऊन गेल्या, कालचं, कारण आजचं कोणी वाचलेलं नव्हतं.

ऊन उतरेपर्यंत मानपत्राची फाइल निघाली. अर्धी. साध्या मजकुराची होती म्हणून अर्धी तरी निघाली. पुढे नुसती कोरी जागा होती. मी म्हटलं, आता बसून बाकीचं टाइप करू, तुम्ही सांगा. बंडूजी म्हणाले, राहू दे, रूपराव बलावून राह्यले. शेजारच्या सेतू केंद्रात जाऊन मी तो अर्धा कागद छापून आणला. त्यांनी तो घडी न घालता, दोन्ही हातांनी, ताट धरतात तसा धरून नेला.

ओट्यावर गाव जमलं होतं. भाषणं झाली. प्रत्येकाने बाईंचे आभार मानले आणि प्रत्येकाने, ओघात, मला क्षमा केली. मग बंडूजी उठले. कागदावर बोट ठेवलं आणि वाचायला लागले. ओळ सरली की बोट पुढच्या ओळीवर आणायचे, तेवढा वेळ सगळं गाव थांबायचं.

"आदरणीय वच्छलाबाई. मी बंडू. मी नावं टाकतो. कोणाची टाकतो ते मला मालूम नव्हतं. बाई म्हणाल्या, मला कॉम्प्युटर येत नाही, आपण दोघं शिकू. बाईंना येत होतं. ते मला लवकरच समजलं. पण बाई शिकत होत्या तोपर्यंत मलापण शिकता येत होतं म्हणून मी बोललो नाही. आता मी कोणाच्या लग्नात जेवायला बसलो की आधी ताट वाचतो. मग माझंच अक्षर मला भेटते. काही काही ठिकाणी मी काय काय टाकून ठेवलं आहे ते वाचून घास अडकते. पण वाचता येते. बाई, तुमच्यामुळं मला"

बोट थांबलं. ओळ तिथेच संपत होती. कोणीतरी टाळी वाजवायला सुरुवात केली आणि सोडून दिली.

"पुढं?" रूपराव हळूच म्हणाले, पण माइक चालू होता.

"पुढचं गेलं," बंडूजी म्हणाले.

"मंग तोंडी सांगा ना. तुम्हीच लिवलं ना."

"मले पाठ नाई." त्यांनी कागद खाली केला. "आंदी माहं सारं पाठ राहे. बसचे रंग पाठ, दुकानाच्या पाट्या पाठ, कोनाचा डबा कोनता थे पाठ. नाई तं चाललंच नसतं. वाचाले आलं अन् म्या पाठ करनं सोडलं. आता कायले करा, कागदावर असतेच." ते बाईंकडे वळले. "तं थे गेलं, बाई."

बाई खुर्चीतून अर्धवट उठल्या होत्या. पुन्हा बसल्या.

"बसा, बंडूजी," त्या म्हणाल्या. "पोचलं."

मग शाल झाली, नारळ झाला, चिवडा झाला. गर्दी पांगायला लागली तशी बंडूजींनी मला कोपराने ढोसलं, थो डबा दे ना बाईले. मी डिस्क पिवळ्या फडक्याने पुसली आणि बाईंच्या हातात ठेवली. म्हटलं, बाई, ही आता चालत नाही, पण तुमची आहे.

बाईंनी चष्मा लावला. वाचलं. समोर अक्षर असलं की त्या वाचणारच. मग एकेका ठिपक्यावरून त्यांचं बोट फिरलं, पहिल्या फुलापासून शेवटच्या फुलापर्यंत. ठिपका किती खोल आहे हे बोटाला समजतं. बंडूजी त्या वेळी शेजारी उभे राहून नारळाची शेंडी नीट करत होते.

"निकेश," बाई म्हणाल्या, "अपग्रेड तूच केलं होतंस ना?"

"हो, बाई."

त्यांनी डिस्क उजेडाकडे कलती धरली.

"अक्षर सुरेख आहे अपग्रेडचं," त्या म्हणाल्या आणि ती शालीच्या घडीत ठेवून दिली. मग मला म्हणाल्या, किल्ली आहे ना तुझ्याजवळ? असू दे.

वाचनालयाच्या कॉम्प्युटरला मी नवी डिस्क लावली. तिला सगळे स्क्रू लावले, वरून कॅबिनेटचं झाकण लावलं, झाकणालाही स्क्रू लावले. उष्णतेचं नंतर बघू.

परवाच्या रविवारी हर्षाताईचा फोटो आला. नाशिकच्या स्वयंपाकघरातली खिडकी, खिडकीत कैरीच्या लोणच्याची बरणी, बरणीच्या तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं, आणि फडक्यावर वजन म्हणून डिस्क. मी फोटो मोठा करून पडद्यावर लावला. बंडूजी खुर्ची ओढून जवळ आले. वाचायची गरज नव्हती, काय लिहिलं आहे ते त्यांना ठाऊकच होतं. तरी त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं आणि एकेक अक्षर वाचत शेवटच्या फुलापर्यंत गेले.

"सुलटा ठेवला बाईनं," ते म्हणाले.

मग पिवळं फडकं घेऊन पडद्यावरचा बोटाचा डाग पुसायला लागले.